नवं यंत्र आणि जुना करार

श्रोतेहो, आंब्याची बाग असलेल्या शेतकऱ्याला बहराचा सौदा म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. मोहोर धरला की व्यापारी येतो, झाडं नजरेखालून घालतो, आकडा ठरतो आणि त्या सालचं फळ त्याचं होतं. फळ उतरलं की सौदा संपला. पुढल्या सालचा मोहोर मालकाचा, झाडाची सावली मालकाची आणि वठलेल्या फांदीचं सरपणही मालकाचंच. त्याच व्यापाऱ्यानं उद्या कुऱ्हाड घेऊन बांधावर यावं आणि 'मी झाडच घेतलं होतं' असं म्हणावं, तर गावातली पोरंसुद्धा त्याला हसतील.

पण हाच सौदा गाण्याचा, गोष्टीचा किंवा पुस्तकाचा असला की चांगली शहाणी माणसं गोंधळतात. एखाद्या कवीनं एक गाणं रचलं. ते कागदावर छापता येतं, रंगभूमीवर गाता येतं, तबकडीवर मुद्रित करता येतं, चित्रपटात घालता येतं, नभोवाणीवरून ऐकवता येतं. झाड एक आणि बहर अनेक. त्यातून हे झाड असं विलक्षण, की काही वर्षं गेली की त्याला एक निराळ्याच जातीचं फळ धरतं. सौदा झाला त्या दिवशी ते फळ मालकानं पाहिलेलं नसतं आणि व्यापाऱ्यानंही पाहिलेलं नसतं. मग ते कुणाचं?

आपल्याजवळचंच उदाहरण घ्या. ग. दि. माडगूळकरांचं 'गीतरामायण' सुधीर फडके यांच्या संगीतात पुणे आकाशवाणीवरून १९५५ सालच्या रामनवमीपासून सुरू झालं. आठवड्याला एक गीत, अशी वर्षभरात ५६ गीतं झाली. त्या साली ध्वनिफितीची डबी, जिला आपण कॅसेट म्हणतो, ती जगात कुठंच नव्हती. ती फिलिप्स कंपनीनं १९६३ साली आणली. पुढं तीच गीतं तबकड्यांवर आली, कॅसेटवर आली, चकचकीत सीडीवर आली आणि आज ती खिशातल्या फोनवर वाजतात. गीत तेच, पण ते घरात येण्याची वाट चार वेळा बदलली. हा प्रवास १९५५ साली कुठल्या कागदावर लिहून ठेवता आला असता?

आजकाल लेखकापुढं, शाहिरापुढं, पाठ्यपुस्तकाला मदत करणाऱ्या शिक्षकापुढं जे छापील करारनामे येतात, त्यांत 'सर्व बहुमाध्यम हक्क' असे शब्द हमखास असतात. इंग्रजीत त्याला 'मल्टिमीडिया राइट्स' म्हणतात. वाचायला दोन शब्द, पण त्यांचा अर्थ काय हे ठरवता ठरवता देशोदेशीच्या न्यायालयांची शंभर वर्षं गेली आहेत. ती हकीकत आज सांगायची आहे.

सुरुवात पियानोपासून करावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपोआप वाजणारे पियानो निघाले. लांबलचक कागदाच्या गुंडाळीवर भोकं पाडलेली असत. ती गुंडाळी यंत्रात घातली की भोकांबरहुकूम पट्ट्या हलत आणि गत वाजे. वाजवणारा माणूस नको. ज्यांनी त्या गतींची स्वरलिपी छापली होती ते प्रकाशक साहजिकच चिडले. लंडनच्या न्यायालयात १८९९ साली दावा चालला. न्यायाधीश म्हणाले, तुमचा हक्क छापील स्वरलिपीची नक्कल करण्याविरुद्ध आहे. ही भोकं काही कुणी डोळ्यांनी वाचत नाही, तेव्हा ती नक्कल नव्हे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानंही १९०८ साली असाच निकाल दिला. कायद्यापुढं तोवर कागद आणि शाई होती. सूर कागदातून उठून भोकांत जाऊन बसला, ही गोष्ट त्याच्या हिशेबात नव्हती.

गायकांची स्थिती तर आणखी बिकट. कलकत्त्याला १९०२ साली फ्रेड गाइसबर्ग नावाच्या ग्रामोफोन कंपनीच्या माणसानं गौहरजान यांचं गाणं मुद्रित केलं. गाण्याच्या शेवटी त्या इंग्रजीतून आपलं नाव सांगत. तबकड्या जर्मनीत दाबल्या जायच्या. कुठली तबकडी कुणाची हे तिथल्या कारागिराला कळावं, म्हणून ही रीत पडली असं सांगतात. नाव तबकडीत राहिलं खरं. पण गाणाऱ्या माणसाचा त्या मुद्रणावर हक्क असतो हे आपल्या कायद्यानं मान्य करायला १९९४ साल उजाडावं लागलं.

यंत्रांच्या बाबतीत कायदा मात्र थोड्या वर्षांतच जागा झाला. अमेरिकेनं १९०९ साली गुंडाळी किंवा तबकडीमागं दोन सेंट असा संगीतकाराचा मोबदला ठरवून दिला. इंग्लंडनं १९११ साली नवा कायदा केला, त्यात सूर वाजवणारी यंत्रं आली आणि तोच कायदा थोड्या फेरफारानं १९१४ साली हिंदुस्थानला लागू झाला.

आता खरी गोष्ट. ती जरा सावकाश सांगतो, कारण पुढचा सगळा तंटा तिच्या पोटात आहे.

लू वॉलेस नावाचे अमेरिकन सेनापती होते. यादवी युद्धात लढलेले, पुढं न्यू मेक्सिको प्रांताचे गव्हर्नर झालेले. त्यांनी १८८० साली 'बेन हर' ही कादंबरी लिहिली. ख्रिस्ताच्या काळातला एक ज्यू तरुण, त्याच्यावर झालेला अन्याय, रोमन रथांची शर्यत, असा मोठा पट. न्यूयॉर्कच्या हार्पर बंधूंनी ती प्रसिद्ध केली आणि तिचा अफाट खप झाला. नाटकवाले मागं लागले. वॉलेस तयार होईनात. ख्रिस्ताचं काम एखाद्या नटानं तोंडाला रंग लावून करावं, हे त्यांना पटत नव्हतं. शेवटी तोड निघाली. ख्रिस्त रंगभूमीवर यायचा नाही, त्याच्या जागी प्रकाशाचा एक झोत दिसेल. क्लॉ आणि अर्लँगर या जोडीशी १८९९ साली करार झाला आणि नाटक उभं राहिलं. रथांच्या शर्यतीसाठी रंगभूमीवर खरे घोडे, खालून सरकणारे पट्टे. घोडे जिवाच्या आकांतानं धावत आणि जागच्या जागी राहत! आपल्याकडच्या नाटकमंडळींच्या ट्रान्सफर सीनची तारीफ ज्यांनी आजोबांच्या तोंडून ऐकली असेल, त्यांना त्या प्रेक्षकांचं काय झालं असेल याची कल्पना येईल.

वॉलेस १९०५ साली वारले. दोनच वर्षांनी, १९०७ मध्ये, केलेम नावाच्या चित्रपट कंपनीनं कुणालाही न विचारता 'बेन हर' पडद्यावर आणला. जीन गाँटिए या बाईंनी कादंबरीवरून कथानक बेतून दिलं. चित्रपट जेमतेम पंधरा मिनिटांचा, तोही मुका. परवानगी का काढली नाही? त्या काळी कुणीच काढत नसे. पुस्तक छापलं तर नक्कल, नाटक केलं तर नाट्यप्रयोग. पण भिंतीवर हलणाऱ्या सावल्या म्हणजे काय, याला कायद्यात नावच नव्हतं.

दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९११ सालच्या नोव्हेंबरात न्यायमूर्ती होम्स यांनी निकाल दिला. त्यांचं म्हणणं साधं होतं. नाटक बोलूनच करावं लागतं असं नाही. मूकाभिनयानंही नाटक होतं. मग नट प्रत्यक्ष समोर असले काय आणि त्यांची चित्रं समोर हलली काय, गोष्ट अंगविक्षेपांनी सांगितली जातेच आहे. म्हणजे हे नाट्यरूपांतरच. केलेम कंपनी म्हणाली, आम्ही फक्त फीत विकतो, दाखवणारे दुसरे. होम्स म्हणाले, दाखवण्यासाठीच विकता, जाहिरातही तशीच करता, तेव्हा जबाबदारी तुमचीच. कंपनीला २५,००० डॉलर मोजून प्रकरण मिटवावं लागलं.

इथवर गोष्ट परक्या माणसानं शेतात शिरण्याची झाली. करारातली खरी मेख पुढं आहे. चित्रपट हा नाट्यरूपांतराचा प्रकार ठरला ना? मग १८९९ च्या करारानं ज्यांना नाटक करण्याचा हक्क दिला होता, त्या क्लॉ आणि अर्लँगर यांना चित्रपटाचाही हक्क आपोआप मिळाला की काय? ते म्हणू लागले, मिळाला. वॉलेस यांचे वारस आणि हार्पर म्हणू लागले, छे! करार रंगभूमीचा होता. आता चित्रपट मोठे होऊ लागले होते आणि त्यांत पैसाही मोठा होता.

न्यूयॉर्कच्या न्यायालयात १९१६ साली याचा निकाल लागला आणि तो वाचताना मला दर वेळी गावच्या जुन्या पंचांची आठवण होते. न्यायालय म्हणालं, नाटकवाल्यांना चित्रपटाचा हक्क मिळालेला नाही; १८९९ साली जो सौदा झाला तो रंगभूमीवरच्या प्रयोगांचा. पण मालकांनाही मोकळं रान नाही. तुम्ही एका माणसाला तुमच्या गोष्टीचं नाटक करायला लावलं, त्यानं घोडे आणले, पट्टे बसवले, पैसा ओतला. आणि आता तुम्हीच तीच गोष्ट शेजारच्या तंबूत स्वस्तात दाखवून त्याचं दिवाळं काढणार, हे करारात लिहिलेलं नसलं तरी न शोभणारं आहे. तेव्हा दोघांनी मिळून काढा, नाहीतर कुणीच काढू नका. बहर विकलेल्या मालकानं झाड आपलं आहे म्हणून ऐन पाडाच्या वेळी फांद्या छाटू नयेत, तसं हे. पुढं समेट झाला आणि १९२५ साली मोठा चित्रपट निघाला.

यानंतर लोक शहाणे झाले. करारांत 'चित्रपटाचे हक्क' असं निराळं कलम येऊ लागलं. पण शब्द लिहून होतो न होतो तोच शब्दाखालची वस्तू बदलायची. चित्रपट मुका होता तो बोलू लागला. आपल्याकडे १९३१ साली 'आलम आरा' आणि पुढच्याच वर्षी मराठीत 'अयोध्येचा राजा'. जुन्या करारातल्या 'चित्रपट' या शब्दात बोलपट येतो का, असा प्रश्न अमेरिकेत निघाला तेव्हा १९३६ साली एका न्यायालयानं सांगितलं, येतो. बोलपट हा चित्रपटाचाच एक प्रकार.

मग घरोघर दूरचित्रवाणीचे खोके आले. एका जर्मन संगीतिकेचे चित्रपटाचे हक्क हान्स बार्टश या व्यावसायिकानं १९३० साली विकले होते. ते फिरत फिरत मेट्रो गोल्डविन मेयर कंपनीकडे आले आणि १९३७ साली 'मेटाइम' हा चित्रपट निघाला. कंपनीनं १९५८ साली तो दूरचित्रवाणीवर दाखवायला दिला, तेव्हा बार्टश यांच्या वारसांनी आक्षेप घेतला. न्यायमूर्ती फ्रेंडली यांनी १९६८ साली निकाल दिला तो कंपनीच्या बाजूनं. करारात चित्रपट जगभर दाखवण्याचा हक्क सरसकट शब्दांत दिला होता. दूरचित्रवाणी येऊ घातली आहे, हे १९३० साली धंद्यातल्या जाणत्या माणसांना ठाऊक होतं. विकणारा अनुभवी होता. त्याला ती वगळायची होती, तर त्यानं तसं लिहायला हवं होतं.

हा निकाल तर्काला धरून आहे, पण त्यातली एक अट आपण नीट पाहायला हवी. विकणारा आणि घेणारा दोघंही तोलामोलाचे असले तरच हा न्याय शोभतो. जो वकील लावून करार करतो त्याला 'लिहून का नाही घेतलंस?' असं विचारणं ठीक आहे. रात्री तमाशाच्या कनातीत, गॅसबत्तीच्या उजेडात ज्यानं कागदावर अंगठा उठवला, त्याला हाच सवाल करणं म्हणजे बुडणाऱ्याला पोहायला का शिकला नाहीस म्हणून दटावणं.

दूरचित्रवाणीनंतर व्हिडिओ कॅसेट आली आणि एकाच तऱ्हेच्या प्रश्नाला दोन निराळी उत्तरं मिळाली. 'मीडियम कूल' या चित्रपटात एक गाणं वापरायची परवानगी १९६९ साली दिली गेली होती: थिएटरात आणि दूरचित्रवाणीवर. पुढं चित्रपटाच्या कॅसेट विकायला निघाल्या. १९८८ साली न्यायालय म्हणालं, हे चालणार नाही. दूरचित्रवाणीवर दुसरा कुणीतरी दाखवतो आणि आपण पाहतो. कॅसेट आपण विकत घेतो आणि हवी तेव्हा लावतो. पडदा तोच असला म्हणून व्यवहार तोच होत नाही. शिवाय त्या परवान्यात 'जे स्पष्ट दिलं नाही ते आमच्याकडे राहील' असं मालकानं नोंदवून ठेवलं होतं. त्या एका ओळीनं त्याला तारलं.

उलट दिशेचं उदाहरण संगीतकार स्ट्राविन्स्की यांचं. 'द राइट ऑफ स्प्रिंग' ही त्यांची रचना डिस्ने कंपनीच्या 'फॅन्टेशिया' चित्रपटात घेण्यासाठी १९३९ साली ६,००० डॉलरना करार झाला. चित्रपट १९४० साली आला. अर्ध्या शतकानंतर, १९९१ मध्ये, त्याच्या कॅसेट बाजारात आल्या आणि त्यांवर कंपनीनं कोट्यवधी डॉलर मिळवले. स्ट्राविन्स्की १९७१ सालीच वारले होते. रचनेचे हक्क ज्यांच्याकडे होते त्या प्रकाशकांनी दावा लावला. पण करारात 'कोणत्याही रीतीनं, माध्यमात वा स्वरूपात' मुद्रित करण्याची मुभा होती. वरच्या न्यायालयानं १९९८ साली सांगितलं की एवढ्या रुंद शब्दांत कॅसेट सहज मावते. बाकीचे मुद्दे पुन्हा सुनावणीला पाठवले. दोन्ही ठिकाणी व्हिडिओचं यंत्र करारानंतरचंच. फरक पडला तो कागदावरच्या पाच-सहा शब्दांनी.

पुस्तकांच्या बाबतीत असाच सामना २००१ साली झाला. विल्यम स्टायरन, कर्ट व्हॉनेगट आणि रॉबर्ट पार्कर या लेखकांनी आपली जुनी पुस्तकं रोझेटा बुक्स नावाच्या नव्या कंपनीला संगणकावर वाचायच्या रूपात काढायला दिली. रँडम हाउस ही मूळ प्रकाशन संस्था म्हणाली, पुस्तकाचे हक्क तर आमचे! करारात शब्द होते, 'पुस्तकरूपानं छापणे, प्रसिद्ध करणे व विकणे'. न्यायाधीशांनी कोश उघडला, धंद्यातला रिवाज पाहिला आणि म्हणाले, 'पुस्तकरूप' याचा अर्थ छापील पानं. पडद्यावरचं पुस्तक सकृद्दर्शनी त्यात येत नाही. मनाई हुकूम मिळाला नाही आणि पुढं दोघांत तडजोड झाली. त्याच साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं वृत्तपत्रांसाठी सुटे लेख लिहिणाऱ्यांच्या बाजूनं निकाल दिला: अंकात छापायला दिलेला लेख सुटा काढून संगणकाच्या भांडारात विकायचा असेल तर लेखकाला विचारलं पाहिजे.

लेखक जिंकले खरे. पण या विजयांनी प्रकाशकांना चांगला धडा मिळाला. 'बहुमाध्यम' हा शब्द १९९० च्या सुमाराला, अक्षर, आवाज आणि हलतं चित्र एकाच सीडीवर मावू लागलं तेव्हा करारांत शिरला होता. आता त्याच्या मागंपुढं शेपटं जोडली गेली. 'आज माहीत असलेली आणि यापुढं कधीही शोधली जाणारी सर्व माध्यमं', 'संपूर्ण विश्वात', 'कायमचं'. विश्वात हा शब्द मी गंमत म्हणून घातलेला नाही. असे करार खरोखर असतात. मंगळावर कुणी आपली लावणी लावली तर तिचाही हिशेब या कागदात झालेला आहे!

मग 'बहुमाध्यम हक्क' म्हणजे नेमकं काय? श्रोतेहो, खरं उत्तर असं, की या शब्दाला स्वतःचा असा ठरलेला अर्थ नाही. आपल्या कायद्यात याच नावाचा कुठला हक्क सांगितलेला नाही. कायदा सांगतो ते सुटे सुटे हक्क: प्रती काढणं, लोकांपुढं सादर करणं किंवा पोचवणं, भाषांतर करणं, रूपांतर करणं, चित्रपटात वा ध्वनिमुद्रणात घेणं. बहुमाध्यम हे गाठोडं आहे. गाठोड्यात काय बांधलं आहे हे कागदावर लिहिलं असेल तेवढंच ते. लिहिलं नसेल तर घेणारा म्हणणार आत सगळं आहे आणि देणारा म्हणणार मी एवढंच दिलं होतं.

हे गाठोडं सोडवण्याचा एक कणखर मार्ग जर्मनीनं काढला होता. तिथल्या १९६५ सालच्या कायद्यानं सांगून टाकलं की जो उपयोग आज ठाऊकच नाही त्याचा हक्क देणारा करार रद्दबातल. व्हिडिओ येवो की आणखी काही, घेणाऱ्यानं परत लेखकाच्या दारी यायचं. चाळीसएक वर्षं हा नियम चालला. पण जुन्या भांडारांतल्या हजारो लेखकांना नि त्यांच्या वारसांना हुडकत फिरणं अवघड जातं अशी ओरड झाली आणि २००८ पासून नियम सैल केला गेला: आता असा करार लेखी हवा, आणि लेखकाला तो मागं घेण्याची सवड ठेवली आहे. ओरड अगदीच खोटी होती असं मी म्हणणार नाही. मालक सापडत नाही म्हणून पडीक राहिलेली जमीन आपणही पाहिली आहे.

आणि आपला देश? आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ चा, अमलात आला १९५८ च्या जानेवारीत. चित्रपटासाठी पैसे देऊन गीत आणि संगीत करवून घेतलं, तर वेगळा करार नसल्यास त्याचा पहिला मालक निर्माता, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयानं १९७७ साली लावला. कवी आणि संगीतकारांची संस्था एका बाजूला आणि चित्रपटवाले दुसऱ्या बाजूला, असा तो खटला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालाला सहमती दिली, पण शेवटी आपलं एक टिपण जोडलं: गायकाला या कायद्यात काहीच स्थान नसावं हे योग्य नव्हे, संसदेनं याकडे पाहावं. संसदेनं पाहिलं, सतरा वर्षांनी. १९९४ च्या दुरुस्तीनं कलाकारांना हक्क मिळाले.

तोवर कॅसेटचा जमाना आला होता. मग फोन आले, फोनची घंटी म्हणून गाणी वाजू लागली. गाण्याच्या दोन ओळी लाखो फोनांत घणघणत होत्या आणि त्या ओळी रचणाऱ्याचा करार होता थिएटरातल्या पडद्याच्या काळातला. या प्रश्नावर राज्यसभेत कवी जावेद अख्तर बोलले आणि २०१२ सालच्या मे महिन्यात दोन्ही सभागृहांनी दुरुस्ती मंजूर केली. ती २१ जून २०१२ पासून अमलात आली.

या दुरुस्तीतलं एक वाक्य शिक्षकांनी फळ्यावर लिहून ठेवावं असं आहे. त्याचा आशय असा: करार झाला त्या वेळी जे माध्यम किंवा उपयोगाची जी रीत अस्तित्वात नव्हती, किंवा व्यवहारात आलेली नव्हती, तिला तो करार लागू होणार नाही; करारात त्या माध्यमाचा खास उल्लेख केलेला असला तरच लागू होईल. म्हणजे फ्रेंडलीसाहेबांचा न्याय आपल्या संसदेनं उलटा फिरवला. तिथं वगळायचं तर देणाऱ्यानं लिहावं. इथं घ्यायचं तर घेणाऱ्यानं लिहावं. 'यापुढं शोधली जाणारी सर्व माध्यमं' हा खास उल्लेख म्हणायचा का? माझ्या समजुतीप्रमाणं म्हणता येणार नाही. ज्याचं बारसंच झालेलं नाही त्याचा खास उल्लेख कसा करणार? पण घेणारे ते शब्द छापतच राहिले आहेत, कारण न्यायालयात जायची ऐपत देणाऱ्याकडे क्वचित असते, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

चित्रपटातल्या गीतकार-संगीतकारांसाठी आणखी एक कलम झालं. थिएटरात चित्रपटाबरोबर गाणं वाजलं ते सोडून इतरत्र त्याचा जो उपयोग होईल, त्याच्या मानधनातला समान वाटा त्यांना सोडून देताच येत नाही. वारसांना आणि त्यांच्या नोंदलेल्या संस्थेला तेवढा तो देता येतो. घेणाऱ्यानं कितीही गोड बोलून सही घेतली तरी उपयोग नाही.

आता आपल्या गावच्या कागदाकडे येऊ. एखादे गुरुजी मुलांसाठी बडबडगीतं लिहितात. कुणी येतो, म्हणतो, 'सीडी काढू, मोबाइलवर टाकू, नाव होईल,' आणि पुढं कागद करतो. (गीतं नोकरीचा भाग म्हणून लिहिली असतील तर वेगळा करार नसल्यास मालकी नोकरी देणाऱ्याची ठरू शकते, हे आधी पाहावं.) तोंडी बोलीनं मालकी जात नाही, लेखी आणि सहीचं हवं. कोणतं काम, कोणते हक्क, किती वर्षं, कुठल्या प्रदेशात आणि मोबदला किती, हे कागदात असायला हवं. वर्षं लिहायची राहिली तर कायदा पाच वर्षं धरतो. प्रदेश राहिला तर भारतापुरता धरतो. घेतलेला हक्क वर्षभर वापरलाच नाही, तर करारात निराळं काही नसल्यास तो हक्क परत येतो. हे पाच, एक आणि भारत ध्यानात ठेवले तरी निम्मं काम होतं. आणि 'मीडियम कूल'च्या गाणेवाल्यानं ठेवली होती तशी एक ओळ शेवटी आपल्या हातानं लिहावी, की इथं नाव घेऊन जे दिलं नाही ते माझ्याकडे राहील. घेणाऱ्यानं त्या ओळीवर तोंड वाकडं केलं, तर गाठोड्यात काय होतं ते आपल्याला त्याच क्षणी समजतं.

लोकगीतांचं काय, असं कुणी विचारील. पिढ्यान्‌पिढ्यांची ओवी कुणाची नाही आणि सर्वांची आहे. तिचा सौदा कुणी करू शकत नाही. पण जात्यावरची तीच ओवी जी बाई गाते आणि मुद्रित करू देते, तिचा त्या गायनावर कलाकार म्हणून हक्क आहे, आणि करारासंबंधीची वर सांगितलेली कलमं त्या हक्कालाही लागू होतात. माझ्या पाहण्यात अशी मुद्रणं बहुतेक चहा आणि नारळावर झाली आहेत.

झाडाला नवं फळ धरणं अजून थांबलेलं नाही. आता अशी यंत्रं निघाली आहेत की गायकाचे जुने मुद्रित तुकडे ऐकून ती त्याच्याच आवाजात, त्यानं कधी न गायलेलं गाणं म्हणून दाखवतात. गायक अरिजित सिंग यांनी याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली आणि २०२४ सालच्या जुलैत न्यायालयानं त्यांचा आवाज असा वापरायला अंतरिम मनाई केली. त्यानंतर मुद्रणाच्या करारांतून 'आवाजाची यंत्राकडून होणारी निर्मिती' अशा अर्थाची कलमं दिसू लागली आहेत. गुरुजी, शाहीर, कीर्तनकार, जे कुणी यंत्रापुढं बसून चार शब्द बोलणार असतील, त्यांनी बहुमाध्यम या शब्दाखाली हे कलम आहे का ते सहीआधी शोधावं. ते बहुधा शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात असतं.